परदेशी कामाला निघताय? व्हिसाच्या या चुका टाळा

आपल्याकडं सांगली-मिरज, तासगाव, विटा पट्ट्यात परदेशी जायचं ठरलं की पहिला फोन जातो पाहुण्यांना, मग पाहुण्यांच्या ओळखीचा एजंट, आणि पुढचं सगळं त्याच्यावर सोडून आपण बॅगा भरायला मोकळे. विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, असेच पाहुण्या-रावळ्यांच्या आधारानं देशभर पसरले आणि त्यांचं चांगलंच झालं. पण देशाबाहेर ओळख चालत नाही, तिथं तुमच्या नावाचा कागद काय म्हणतोय तेवढंच बघतात, आणि फॉर्मखाली सही तुमची असते, एजंटची नाही. म्हणून प्रत्येक कागद स्वतः वाचा, घरात इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

विझिट व्हिसावर कामाला जाणं

ही सगळ्यात घातक चूक. तासगावकडच्या एका पोराचे दुबईचे कागद मी बघितलेत, ऑफर लेटर रंगीत, वर लोगो, पगार दिरहॅममध्ये, आणि सोबतच्या व्हिसावर सरळ ‘टुरिस्ट’ लिहिलेलं, मुदत 60 दिवस. घरच्यांनी पगाराचा आकडा परत परत वाचलेला, तो एक शब्द कुणी वाचलाच नव्हता. एजंट सांगतो, आत्ता विझिटवर जा, तिथं गेल्यावर बदलून देतो. पण वर्क परमिट हातात यायच्या आधी काम केलं तर ते बेकायदेशीरच, आणि मुदत संपून राहिलात तर युएईत दिवसाला 50 दिरहॅम दंड चढत जातो.

मग एजंट विझिटचाच आग्रह का धरतो? तर दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुतेक वेळा ईसीआर असतो, म्हणजे आखाती देश, मलेशिया वगैरे 18 देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारची परवानगी लागते. त्यात करार तपासला जातो, प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा विमा काढावा लागतो. फिरायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही, म्हणून माणसाला फिरायला चाललाय असं दाखवायचं. यात वाचतं ते एजंटचं, आणि तिकडं अपघात झाला, पगार बुडला तर आपल्या हातात ना करार ना विमा.

एजंट नोंदणीकृत आहे का ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. कुणी दोन-तीन लाख रोख मागत असेल तर हळदीचे आलेले पैसे त्याच्या हातात देऊ नका, कळकळीनं सांगतोय.

नावाचा घोळ

मिरजेत हॉस्पिटलं भरपूर, त्यामुळं नर्सिंगवाल्या ताई बाहेर जाणाऱ्याही भरपूर, आणि त्यांचं हमखास इथंच अडतं. डिग्री आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावानं, माने, आणि पासपोर्ट सासरच्या नावानं, पाटील. आपल्याला ते एकच माणूस दिसतं, तिकडच्या ऑफिसरला दोन दिसतात. कुठल्या नावानं जायचं ते आधी ठरवा, मग लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातला नावबदल जोडून सगळे कागद त्या एका नावावर आणा. हे सगळं अर्ज करायच्या आधी, नंतर नाही. आणि पासपोर्टवर नुसतं एकच नाव, आडनावाचा रकाना रिकामा, असं असेल तर युएईनं नोव्हेंबर 2022 पासून अशांना विझिट व्हिसावर आत घेणं बंद केलंय.

युकेला जाताना

केअर वर्करचा, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायच्या कामाचा, व्हिसा करून देतो म्हणणारे अजून फिरतायत. 22 जुलै 2025 पासून या कामासाठी परदेशातून नवीन भरती बंद झालीय, त्यामुळं कुणी आत्ता पैसे मागत असेल तर तो फसवतोय. बाकी कामांसाठीसुद्धा कंपनीकडं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे बाहेरचा माणूस कामावर घ्यायची सरकारी परवानगी, लागतं, त्या कंपन्यांची यादी युके सरकारच्या वेबसाईटवर फुकट मिळते. स्पॉन्सरशिप विकत घ्यायची गोष्टच नाही.

शिकायला गेलेल्या पोरांनी, डिग्रीचा कोर्स असेल तर, टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम, सगळ्या नोकऱ्या मिळून, हे पाठच करा. आणि डिलिव्हरी ॲपवर गाडी फिरवणं म्हणजे स्वतःचा धंदा धरतात, स्टुडंट व्हिसावर ते अजिबात चालत नाही, मित्राच्या आयडीवर तर नाहीच नाही.

अमेरिकेत चुकीची तारीख बघणं

पासपोर्टवरचा व्हिसा फक्त दारात उभं राहण्यापुरता, किती दिवस राहायचं ते आय-94 वर, म्हणजे आत शिरताना होणाऱ्या सरकारी नोंदीवर, असतं. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांची आय-94 ची तारीखही बऱ्याचदा तिथंच कापली जाते, आणि लोक व्हिसावरची तारीख बघून निवांत बसतात. प्रत्येक वेळी आत गेल्यावर सीबीपीच्या, म्हणजे तिथल्या सीमा तपासणी खात्याच्या, वेबसाईटवरून आय-94 काढून तारीख बघा. जायच्या आधीच पासपोर्ट रिन्यू केला तर अजून बरं.

अडकलाच तर

व्हिसा नाकारला तर घाईनं तोच अर्ज परत टाकू नका, नकाराच्या पत्रात कारण दिलेलं असतं, ते दुरुस्त करा. बँकेत शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांकडून आणून टाकलेले चार-पाच लाख हे कारण बऱ्याचदा असतं. आणि पुढच्या फॉर्मवर आधी नकार आला होता हे लपवू नका, खोटी माहिती दिली म्हणून युके 10 वर्षं बंदी घालू शकतं.

तिकडं मालकानं पासपोर्ट काढून घेतला तर गप्प बसायचं नाही, युएईत असा पासपोर्ट ठेवून घेणं बेकायदेशीर आहे. आपल्या दूतावासाकडं जा, भारत सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, आणि इथं घरच्यांनी 1800-11-3090 या टोल फ्री नंबरवर फोन करायचा. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पैशाच्या पावत्या यांचे फोटो निघायच्या आधीच घरच्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवा, कारण तक्रार करताना पहिल्यांदा तेच मागतात.