हरणाचं मांस सावजी रश्श्यात घालण्याआधी गोळीचं शिसं कसं काढावं

आधी एक सांगते. हे इथल्या चितळ-सांबरासाठी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि असं मांस घरात ठेवणंही गुन्हा आहे. पेंच-उमरेडकडून कोणी आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मी लिहितेय ते अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडे राहणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी. तिकडे नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा हंगाम असतो. शेजारी प्रेमानं मांस देतो आणि मग नागपुरात आईला व्हिडिओ कॉल येतो, "आई, याचा सावजी रस्सा जमेल का?" जमतो. मुलाकडे गेले की हे मांस मीच साफ करते.

रायफलीची नेहमीची गोळी आतून शिशाची असते. ती अंगात शिरताच फुटते, हाडावर आदळली तर जास्तच, आणि शिशाचे बारीक कण मांसात पसरतात. एक्स-रेमध्ये ते दिसतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखालीही येत नाहीत.

म्हणून मांस हातात घेण्याआधी विचारा, कशानं मारलं? बाण किंवा पूर्ण तांब्याची गोळी असेल तर शिशाची काळजी नाही. शेजाऱ्याला माहीत नसेल तर शिशाचीच गोळी धरून चाला.

खिमा घेऊ नका. कण बारीक होऊन सगळ्या खिम्यात मिसळतात, आणि खाटकाकडून करून आणलेला असेल तर त्यात चार जणांची हरणं एकत्र आलेली असू शकतात. मागची मांडी किंवा पाठीचा पट्टा मागा. शिकारी बहुतेक वेळा छातीवर, खांद्यामागे नेम धरतात, त्यामुळे खांदा आणि चाप सगळ्यात वाईट.

आता कापणं. मला सगळ्यात जड गेलेलं काम हेच, कारण चांगलं दिसणारं मांस फेकायला हात धजत नाही. गोळीची वाट शोधा. तिथलं मांस काळपट-जांभळं, रक्त साकळून बुळबुळीत झालेलं असतं, कधी हाडाच्या किरच्या, केसही सापडतात. तेवढंच काढून थांबायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा आहे. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागानं २००८ साली तपासणी केली, तेव्हा कण जखमेपासून एक फुटाहूनही लांब सापडले होते. म्हणून काळं मांस संपतं तिथून पुढे चारी बाजूंनी निदान एक फूटभर काढा. खांद्याला गोळी लागली असेल तर मी अख्खा खांदा टाकते. त्यात वाचवण्यासारखं काही राहत नाही.

आणि कृपा करून ते मांस नळाखाली धुऊ नका! आपल्याला मटण दोन-तीन पाण्यांनी धुवायची सवय. इथे पाणी जखमेजवळचं शिसं चांगल्या मांसावर नेऊन पसरवतं, हेही त्याच तपासणीत दिसलं. आधी कापा. जखमेकडची सुरी आणि पाट बाजूला ठेवा, चांगल्या भागाला दुसरी सुरी घ्या. लोहचुंबक फिरवायचा सल्लाही कोणी देतं. शिसं चुंबकाला चिकटतच नाही.

मुरवण्याबाबत मी हट्टी आहे. रानवट वास जावा म्हणून लोक रात्रभर दही, लिंबू नाहीतर व्हिनेगरमध्ये ठेवतात. आंबटात शिसं विरघळतं, आणि विरघळलेलं शिसं शरीर सहज शोषतं. आलं-लसूण, हळद, मीठ एवढंच लावा. टोमॅटो नको. लिंबू ताटात पिळा.

बाकी रस्सा नेहमीसारखा. खसखस, दगडफूल, जवसाचं तेल, भरपूर तिखट. पण जास्त शिट्ट्यांनी शिसं जाईल असं समजू नका. ते वितळायलाच ३२७ अंश लागतात, आणि कुकरमध्ये जेमतेम १२० होतात. वितळलं तरी ते रश्श्यातच राहणार.

सहा-सात वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांना शिशाच्या गोळीनं मारलेल्या जनावराचं मांस मी वाढत नाही. कितीही साफ केलं तरी नाही, एक घासही नाही. लहान मुलं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतात, ते हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतं. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात हे मांस वरचेवर खाल्लं गेलं असेल तर मुलाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. अमेरिकेत २०२१ पासून एका डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं की डॉक्टर पुढची चौकशी करतात.

कापून काढलेलं मांस कुत्र्याला घालू नका आणि अंगणातही टाकू नका. तिकडचे गरुड असले तुकडे खाऊन शिशाच्या विषबाधेनं मरतात. पिशवीत घट्ट बांधून कचऱ्याच्या बंद डब्यात टाका.