लेकराला फल्लीदाणे कधी अन कसे चालू करायचे

माझ्या पोराला सातवा महिना लागला तेव्हा मी त्याला दाण्याची पेस्ट चाटवत होती, तर सासूबाई अंगणातूनच ओरडल्या, "एवढ्याशा लेकराले फल्ली देऊन राहिली का वं? पित्त उठन ना त्याले!" त्यांचं तरी काय चुकलं, आधी डॉक्टर लोकही असंच सांगायचे. अमेरिकेत 2000 साली सल्ला होता की ज्या लेकराला ॲलर्जीचा धोका जास्त त्याला तीन वर्षं दाणे देऊच नका. मग 2015 मध्ये लंडनचा अभ्यास आला अन सगळं उलटंच निघालं. 640 लेकरं, सगळी जोरदार एक्झिमा (अंगावर खाजरे चट्टे) नाहीतर अंड्याची ॲलर्जी असलेली, अर्ध्यांना तान्हेपणीच दाण्याचं खाऊ घातलं, अर्ध्यांना पाच वर्षं अजिबात नाही. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांत 17 टक्के लेकरांना दाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांत फक्त 3.

पण म्हणून तिसऱ्या महिन्यातच चालू करू नका बरं. सहा महिने अंगावरचंच दूध, घुटी नाही, वरचं पाणी नाही, मध तर वर्षभर बोटानंही चाटवायचा नाही. आईच्या दुधानं ॲलर्जी होतच नाही असं नाही, पण हगवण वगैरेपासून लेकरू वाचते. अन बाळंतिणीनं दाणे, अंडी बंद करून लेकराची ॲलर्जी टळत नाही, उगाच तिचेच हाल.

उष्टावण झालं की आधी मऊ वरण-भात दोनचार दिवस पचू द्या, मग दाणे. अख्खा दाणा कधीच नाही, जाडसर कूटही नाही, घशात अडकते. मंद आचेवर भाजायचे, सुपात चोळून साल पाखडायची, काळा किंवा बुरशीचा दाणा दिसला की फेकायचा, मग मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवत राहायचं. नुसती पेस्ट टाळूला चिकटते म्हणून कोमट पाण्यात ताकासारखी पातळ करायची. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर येईल तेवढीच, दहा मिनिटं थांबा, काही नाही झालं तर हळूहळू बाकीची. अन द्यायचं ते सकाळी, आमच्याकडे संध्याकाळी डॉक्टर शोधायला तालुक्याला जावं लागते.

दोन तास लेकरावर लक्ष ठेवा. तोंडाभोवती जरासं लाल झालं तर घाबरू नका, पण अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले किंवा उलट्या लागल्या तर पुढचा घास बंद अन डॉक्टरला दाखवा. श्वास घरघरला किंवा लेकरू एकदम ढिलं पडलं तर घरचे उपाय करत बसू नका, लगेच 108. ज्याच्या अंगावर आधीपासूनच खाजरे चट्टे आहेत नाहीतर ज्याला अंड्यानं त्रास झालाय, त्याचं डॉक्टरला विचारूनच.

एकदा सोसलं की सोडायचं नाही, आठवड्यातून दोनतीनदा थोडं थोडं चालूच, इथंच बरेच जण कंटाळतात.

अंड्याचंही तसंच, पण पूर्ण उकडलेलं, अर्धकच्चं नको. आमच्या घरात अंडं चालत नाही, म्हणून मी मागच्या अंगणात तीन विटांवर उकडते, त्याचा गंजही वेगळाच ठेवलाय.