घरच्या निर्णयाचा हिशेब कसा मांडावा

कोकणात घर चालवणाऱ्या माणसापुढे काही निर्णय दरवर्षी ठरलेल्या वेळी येऊन उभे राहतात. दिवाळीनंतर मोहोराची चाहूल लागली की बाग स्वतः करायची की व्यापाऱ्याला कराराने द्यायची, हे ठरवावे लागते. हंगामासाठी कर्ज काढायचे तर कोणाकडून, हा प्रश्न असतो. आणि मे महिन्यात आगोटीची (पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीची) खरेदी आणि छपराची डागडुजी यांत हाताशी असलेला पैसा वाटून द्यावा लागतो. हे सारे बहुधा अनुभवावर आणि शेजाऱ्याने काय केले यावर ठरते. अनुभवाचे मोल मोठेच आहे. पण तो आकड्यांत उतरवला नाही, तर त्यातून शेवटच्या एक-दोन वर्षांच्या आठवणीच तेवढ्या उरतात. शाळेत शिकलेले संभाव्यतेचे, व्याजाचे आणि बलाचे गणित या निर्णयांना पुरेसे आहे. ते कसे वापरावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

कोणताही निर्णय घेताना कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. काय काय घडू शकते आणि प्रत्येकाची शक्यता दहात किती, हे पहिले. प्रत्येक वेळी हाती किती येईल किंवा हातचे किती जाईल, हे दुसरे. आणि सर्वांत वाईट तेच घडले तर घर ते सोसू शकेल का, हे तिसरे. माझ्या मते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोहोंचा हिशेब कितीही फायद्याचा दिसला तरी तो मार्ग सोडून द्यावा.

आता बागेचे उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत. वाचकाने त्या जागी आपले घालावेत. हापूसची साठेक कलमे आहेत आणि व्यापारी बागेचे दोन लाख रुपये देण्यास तयार आहे. स्वतः बाग केली तर फवारणी, राखण, काढणी, पेट्या, पेंढा, टेम्पोचे भाडे आणि बाजारातली दलाली वजा जाता चांगल्या वर्षी पाच लाख उरतात, मध्यम वर्षी अडीच लाख उरतात आणि वाईट वर्षी घरचेच ऐंशी हजार जातात. मागच्या वह्या पाहून चांगल्या वर्षाची शक्यता दहात तीन, मध्यम वर्षाची चार आणि वाईट वर्षाची तीन धरली, तर सरासरी अशी निघते: पाच लाखांचे तीन दशांश म्हणजे दीड लाख, अडीच लाखांचे चार दशांश म्हणजे एक लाख, आणि त्यांतून ऐंशी हजारांचे तीन दशांश, म्हणजे चोवीस हजार वजा. एकूण २ लाख २६ हजार. करारापेक्षा सव्वीस हजार जास्त.

बहुतेक जण येथेच थांबतात आणि बाग स्वतः करायची असे ठरवतात. परंतु या हिशेबात दोन खर्च धरलेलेच नाहीत. फवारणीपासून शेवटच्या काढणीपर्यंत घरातला एक माणूस निदान चार महिने बागेत अडकतो. तो एरवी महिना पंधरा हजार मिळवू शकत असेल, तर साठ हजारांची मिळकत सुटली. हातातून पैसा गेला नाही म्हणून हा खर्च नव्हे, असे समजू नये. दुसरा खर्च व्याजाचा. डिसेंबरपासून हळूहळू घातलेले सव्वा लाख रुपये जूनमध्ये मोकळे होतात. ती रक्कम सरासरी चार महिने अडकली आणि शेकडा महिना दोन रुपयांनी उचललेली असली, तर दहा हजार व्याजातच जातात. हे दोन्ही वजा केले की स्वतः बाग करण्याची सरासरी दीड लाखाच्या आसपास येते आणि करार सरस ठरतो. बागेऐवजी दुसरे कमाईचे काम हाताशी नसलेला आणि खर्चासाठी कर्ज न काढावे लागणारा माणूस मात्र याच आकड्यांवरून उलट निर्णयाला येईल, आणि तोही बरोबरच असेल. म्हणून शेजाऱ्याचे उत्तर उचलू नये. त्याने हिशेब कसा मांडला, ते विचारावे.

शक्यतेचे आकडे आणायचे कुठून? स्वतःच्या वहीतून. निदान दहा हंगामांचे उत्पन्न, खर्च, पहिली पेटी गेली ती तारीख आणि मिळालेला भाव एवढे लिहिलेले असावे. वही नसेल तर बाजारातल्या जुन्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) शोधाव्यात, कारण नुसती आठवण नुकत्याच झालेल्या नुकसानीला जास्त वजन देते. त्यात हापूसचा एक विशेष लक्षात घ्यावा. या झाडाला एका वर्षाआड जोरात फळ धरण्याची खोड आहे, त्यामुळे गेल्या वर्षी बाग लागून आली असेल तर यंदाच्या चांगल्या वर्षाची शक्यता दहात तीनवरून कमी करावी, आणि गेले वर्ष रिकामे गेले असेल तर वाढवावी. नाणेफेकीत आधीचा कौल पुढच्या कौलाला बांधत नाही, पण झाडाच्या बाबतीत तो बांधतो.

भावाबाबतही एक गोष्ट आधीच मांडून ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेट्या थोड्या असतात आणि भाव चढा असतो. एप्रिलअखेर सगळीकडचा माल एकदम उतरतो आणि भाव पडतो. म्हणून एकूण किती पेट्या निघतील याबरोबरच कोणत्या पंधरवड्यात किती निघतील, हेही लिहावे. मार्चमधली एक पेटी मेमधल्या दोन पेट्यांइतकी ठरणे शक्य असते. फळपीक विमा घेतला असेल, तर त्याची भरपाई हवामान केंद्रावर नोंदलेल्या पावसा-तापमानावर ठरते, हेही या हिशेबात धरावे. केंद्र महसूल मंडळात एका जागी असते आणि बाग डोंगराच्या पलीकडे. बाग बुडाली तरी केंद्रावर नोंद झाली नाही, असे होऊ शकते. तेव्हा ‘विमा आहे म्हणजे वाईट वर्षी शून्य तोटा’ असे लिहू नये.

खर्चासाठी कर्ज काढण्याची वेळ आली, तर दराचा आकडा कशावर मोजला आहे, हे आधी विचारावे. समजा, एक लाख रुपये दोन वर्षांसाठी ‘सरळ बारा टक्क्यांनी’ मिळत आहेत. व्याज चोवीस हजार, चोवीस हप्ते, प्रत्येक हप्ता ५,१६७ रुपयांचा. ऐकायला हा दर बरा वाटतो. परंतु पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागते. घटत्या शिल्लकेवर मोजले तर हाच दर वर्षाला सुमारे २१.६ टक्के होतो. घटत्या शिल्लकेवर सोळा टक्के सांगणारी बँक या बारा टक्क्यांपेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी किरकोळ कर्जदाराला मुख्य तपशिलाचा एक कागद द्यायचा असतो आणि त्यावर सर्व शुल्क धरून वार्षिक दर छापलेला असतो. तो कागद मागून घ्यावा आणि दोन कर्जांची तुलना त्या एकाच आकड्यावर करावी.

छपराच्या बाबतीत संभाव्यता आणि भौतिकशास्त्र एकत्र येतात. ‘वादळ काय, रोज येते का?’ असे म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर या भागांतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले. प्रत्येक वादळ प्रत्येक गावाला लागले नाही. तरी एखाद्या गावापुरते, बारा वर्षांत एकदा जोराचे वादळ, असे धरून पाहू. एखादे वर्ष सुखरूप जाण्याची शक्यता बारात अकरा. पत्रे वीस वर्षे टिकायचे असतील, तर अकरा-बारांश ही संख्या स्वतःशीच वीस वेळा गुणावी. उत्तर ०.१८ च्या जवळ येते. म्हणजे वीसही वर्षे सुखरूप जाण्याची शक्यता शंभरात जेमतेम अठरा आहे; निदान एकदा तरी वादळ अंगावर येण्याची शक्यता ब्याऐंशी. ‘यंदा येईल का?’ हा प्रश्नच छपराला लागू पडत नाही. छप्पर जितकी वर्षे टिकवायचे, तितक्या वर्षांचा प्रश्न विचारावा.

वाऱ्याचे बल काढणे सोपे आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, ते काढावे (ताशी किलोमीटरला ३.६ ने भागावे), त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे; दर चौरस मीटरला किती न्यूटन दाब पडतो ते मिळते. त्याला ९.८ ने भागले की किलोचा भार कळतो. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याला हे उत्तर दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो येते. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्र्याचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर असते, म्हणजे त्या एका पत्र्यावर सव्वादोनशे किलोच्या आसपास भार, आणि पत्र्याचे स्वतःचे वजन मात्र पंधरा किलोच्या घरात. छपरावरून वाहणारा वारा पत्रा वर ओढतो, त्यामुळे हा सगळा भार हुकांवर येतो. आठ हूक असतील तर प्रत्येकाला अठ्ठावीस किलो, सोळा असतील तर चौदा. पत्र्याच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर ओढ याहूनही जास्त असते, म्हणून जादा हूक प्रथम छपराच्या उताराच्या कडेला घालावेत. वेग दुप्पट झाला की बल चौपट होते, हेही ध्यानात ठेवावे: ताशी साठच्या वाऱ्यात टिकलेले छप्पर एकशेवीसच्या वाऱ्यात टिकेलच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मे महिन्यात शिडी लावून एकेक हूक हाताने पिळून पाहावा. खाऱ्या वाऱ्याने नटाखालची चकती आधी गंजते, भोक मोठे होते आणि हूक जागेवर असूनही पत्रा त्यातून निसटू शकतो. वरून रंग दिलेला असला तरी नटाच्या भोवती तांबूस ओघळ दिसला, तर तो हूक बदलावा. वादळाच्या वेळी वाऱ्याच्या बाजूचे दार-खिडक्या घट्ट बंद ठेवावेत. तिकडून आत शिरलेली हवा छपराला खालून ढकलते आणि वरची ओढ त्यात मिळते.

असाच हिशेब घराबाहेरच्या लहान गोष्टींनाही लागू पडतो. त्यांतला बर्फाचा थोडक्यात सांगता येईल. हर्णैच्या लिलावातून दहा किलो मासळी घेऊन पुण्याला जाणारा माणूस बहुधा चार किलो बर्फ घेतो. तीस अंशांवरची दहा किलो मासळी शून्यापर्यंत थंड करण्यातच सव्वातीन किलो बर्फ वितळतो, कारण एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो आणि या मासळीतून हजारेक किलोज्यूल काढायची असते. उरलेला पाऊण किलो थर्माकोलच्या पेटीतून झिरपणाऱ्या उष्णतेला घाट चढेपर्यंतही पुरत नाही. मासळीइतकाच बर्फ घ्यावा, तो फोडून घ्यावा आणि थरावर थर लावावा.

भरती-ओहोटीसाठी आपल्याकडे जुना आणि उत्तम ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर सरकते, त्यामुळे हा हिशेब जमतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक मात्र धरावाच, आणि नेमकी वेळ हवी असेल तेथे बंदरावरचे वेळापत्रक पाहावे.

वेळेइतकेच पाणी चढण्याच्या गतीकडे लक्ष द्यावे. पाणी एकसारखे चढत नाही. पूर्ण ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. त्या दिवशीचा चढ चार मीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी फूटभर वाढते, दुसऱ्यात दोन फुटांहून जास्त आणि तिसऱ्यात तीन फुटांहून जास्त. पहिल्या तासातले संथ पाणी पाहून तिसऱ्या तासाचा अंदाज बांधला, तर तो जिवावर बेतू शकतो. म्हणून ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे, किल्ला पाहावा आणि पाणी फिरल्यापासून अर्ध्या तासाच्या आत परतीची वाट धरावी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराचा काळ, असतो. तेव्हा पाणी पुरते ओसरत नाही आणि वाट ओहोटीलाही पाण्याखाली राहू शकते. त्या दिवसांत चालत न जाता होडीने जावे.