‘इंटरेस्ट’ एकटा पाठ करू नका

जळगाव-धुळ्याकडे बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या वहीत ‘इंटरेस्ट म्हणजे व्याज, रस, हित’ अशी ओळ हमखास सापडते. अर्थ बरोबर आहेत, पण वाक्य करायला बसलं की गाडी अडते. म्हणून शब्द त्याच्या जोडीदारांसकट लिहून घ्या.

व्याजाचा इंटरेस्ट बँक ‘चार्ज’ करते, कर्जदार ‘पे’ करतो, ठेवीदार ‘अर्न’ करतो. रावेरच्या केळीवाल्याचं पीककर्ज असो की भुसावळच्या रेल्वे पेन्शनरची एफडी, पुढे ‘ऑन’च येतं: इंटरेस्ट ऑन द लोन, इंटरेस्ट ऑन द डिपॉझिट. या अर्थाला ‘अ‍ॅन’ लागत नाही, अनेकवचनही होत नाही.

रस म्हटलं की ‘ऑन’ जाऊन ‘इन’ येतं आणि बऱ्याचदा ‘अ‍ॅन’ही लागतो: शी टेक्स अ‍ॅन इंटरेस्ट इन फार्मिंग. आपल्याकडे नुसतं ‘टेक इंटरेस्ट’ म्हणून मोकळे होतात. लेखी परीक्षेत तरी तो ‘अ‍ॅन’ गाळू नका. ‘लूज इंटरेस्ट’ला मात्र तो नको. (इंग्रजीचा हा हट्ट समजून घेत बसू नये, घोकून टाकावा.) मुलाखतीत छंद सांगताना ‘माय इंटरेस्ट्स आर’ असं अनेकवचन बिनधास्त वापरा.

हिताचे प्रयोग तयार ठोकळे आहेत, जसेच्या तसे उचला: इन द पब्लिक इंटरेस्ट (जनहितासाठी), कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट (हितसंबंधांचा संघर्ष), व्हेस्टेड इंटरेस्ट (स्वतःचा गुंतलेला स्वार्थ).

वहीत तिन्ही अर्थांना वेगळं पान द्या आणि प्रत्येक जोडीसमोर स्वतःचं एक वाक्य लिहा; कापसाचं, दुकानाचं, कशाचंही.