क्रँक पुढे-मागे सरकून रायली तर आधी डायल गेज काढा

मी आर्वी तालुक्यातला, जिल्हा वर्धा. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकल केलं, दोन वर्षं, आणि मंग गावातल्या बाकी पोरांसारखीच पुण्याची गाडी पकडली. ज्या गॅरेजात लागलो तिथं ड्रॅग रेसच्या गाड्या बनत. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल, ४०२ मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी, दहा-चौदा सेकंदात खेळ खल्लास. आपला शंकरपटच समजा, फक्त बैलांच्या जागी टर्बो. आता गावाकडची पोरं फोन करून विचारतात, दादा या लाइनीत यायचं तर काय शिकून येऊ, तर त्यांना मी थ्रस्ट बेअरिंगचा किस्सा सांगतो, तोच इथं लिहून ठेवतो.

आधी हे बेअरिंग काय करते ते पाहा. बंडीचं चाक आसावर फिरते तसं थोडं आतबाहेरही सरकते ना, तेवढी जागा लागतेच, पण जास्त झाली की चाक डोलते. क्रँकचंही, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याचंही, तसंच. मेन बेअरिंग तिला गोल फिरताना सांभाळतात, आणि ती लांबीत पुढे-मागे किती सरकावी हे थ्रस्ट बेअरिंग ठरवते. काही इंजिनात ते मेन बेअरिंगलाच कॉलर असल्यासारखं येते, काहीत वेगळे अर्धचंद्र वॉशर असतात. मेन बेअरिंगमध्ये क्रँक फिरली की तेलाची पाचर तयार होते आणि क्रँक त्या तेलावर तरंगते. थ्रस्टचा चेहरा सपाट, मेन बेअरिंगमधून निथळून येईल तेवढंच तेल त्याला मिळते, म्हणून जोर सहन करायची त्याची ताकद कमीच.

तर एक चार सिलिंडर टर्बो पेट्रोल गाडी आली. मालकाची तक्रार अशी की क्लच दाबला की आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरते तो वेग, खाली पडते, कधी बंदच होते, आणि पेडल रोज वेगळ्या जागी पकडते. मी नवा, हुशारी दाखवायची खाज. थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक शून्य. मंग म्हटलं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचच्या प्लेटवर दाबते ते, असेल, गिअरबॉक्स उतरवला, नवीन टाकलं, परत चढवला, दोन दिवस गेले आणि गाडी तशीच्या तशी. ऑइल प्रेशर एकदम बरोबर होतं म्हणून इंजिनवर संशयच घेतला नाही, आणि नवीन पोरांनो इथंच फसता येते, थ्रस्ट पार खाल्लं गेलं तरी प्रेशरचा काटा बरोबर दिसू शकतो.

उस्ताद आला, म्हणे इंजिन बंद ठेव, एकाला आत बसव, क्लच दाबायला सांग अन् तू खाली पुली पाय. पाहिलं तर पुली आत-बाहेर होऊन रायली, डोळ्यांनी दिसे! टायमिंग कव्हरवर पुलीच्या मागे गोल चकचकीत रिंग घासलेली, ती मी दोन दिवस पाहत होतो आणि मनात म्हणत होतो बेल्टचं काहीतरी असेल. चांगल्या इंजिनात ही हालचाल डोळ्यांना दिसतच नाही म्हणा ना, पुष्कळ गाड्यांत ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असते. तुमच्या इंजिनचं मॅन्युअल उघडून आकडा तिथूनच घ्या, माझ्यावर भरोसा ठेवू नका.

आता मोजायचं कसं. डायल गेज म्हणजे सुई किती सरकली ते मिलिमीटरच्या बारीक भागांत तबकडीवर दाखवणारं मोजमाप. त्याचा चुंबकी स्टँड ब्लॉकला लावायला गेलो तर चिकटेना, ब्लॉक अॅल्युमिनियमचा, सगळे हसले. मंग लोखंडी पट्टी बोल्टनं कसली आणि तिच्यावर स्टँड. गेजची सुई क्रँकच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, सरळ रेषेत टेकवायची, तिरपी टेकवली तर रीडिंग खोटं येते. क्रँक पूर्ण मागे ढकलून डायल शून्य करायचा, मंग पुढे ढकलून वाचायचं, असं तीनदा. पुलीवर पान्हा अडकवून उचकटू नका, तिच्यातलं रबर सुटते. आमचं रीडिंग आलं ०.६२, आणि मॅन्युअल म्हणे जास्तीत जास्त ०.३०.

ऑइल फिल्टर कापला, कागद व्हाइसमध्ये दाबून तेल पिळलं, उन्हात धरला तर रुपेरी चमकी. चुंबक फिरवला, चिकटेना. म्हणजे लोखंड नाही, बेअरिंगचा थर.

इंजिन उघडलं. मागच्या बाजूचे वॉशर कागदासारखे झालेले, पुढचे जवळपास नवे. हे वाचता आलं पाहिजे. क्लच दाबला की रिलीज बेअरिंग क्रँकला पुढे ढकलते आणि तो जोर थ्रस्टच्या मागच्या चेहऱ्यावर येतो, म्हणजे मागचा घासला तर चोर क्लचच्या बाजूला शोधायचा. हे उस्तादानं सांगितलं, मी मान डोलावली, आणि तरी नवीन वॉशर टाकून इंजिन बांधून दिलं. वॉशरच्या तेलाच्या खाचा क्रँककडे ठेवल्या, कारण ब्लॉककडे गेल्या तर तेलच मिळत नाही आणि ही चूक फार जण करतात. क्रँकच्या थ्रस्ट चेहऱ्यावर नख फिरवून पाहिलं, ओरखडे नव्हते. गेज म्हणे ०.१५. मी खुश.

महिन्याभरात तीच गाडी, तीच तक्रार.

उस्ताद रागावला नाही, एवढंच विचारलं, "काहून रे, पेडलचा फ्री प्ले किती ठेवला होता?" फ्री प्ले म्हणजे क्लचवर जोर यायच्या आधी पेडल मोकळं जाते तेवढं अंतर, आणि मी पेडलला हातच लावला नव्हता. क्लचमध्ये जड, म्हणजे कडक स्प्रिंगची, प्रेशर प्लेट टाकलेली, आणि कोणीतरी मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलच्या जोरानं क्लचचं तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचा, रॉड इतका लांब केलेला की पाय काढला तरी रिलीज बेअरिंग प्लेटवर दाबून बसलेलं. वरून ड्रायव्हर लाइनीवर लाँच कंट्रोल, म्हणजे सुटायच्या आधी इंजिनचा वेग एका आकड्यावर रोखून धरणारी सोय, लावून पाच हजार आरपीएमवर क्लच तळाशी धरून बसे, आणि गाडी स्टार्टही क्लच दाबूनच करे, जेव्हा थ्रस्टवर तेल पोचलेलंच नसते. मी वॉशर बदलला होता, ढकलणारा तसाच ठेवला होता. दुसऱ्या खेपेला रॉड सेट केला, पेडलला खाली स्टॉपर लावला म्हणजे गरजेपेक्षा जास्त दाबल्या जाणार नाही, आणि ड्रायव्हरला सांगितलं की रेस सुटायचे पिवळे दिवे लागायच्या बेतात असतानाच क्लच दाब, आधीपासून नको. दर दोन रेसला गेज लावून वहीत आकडा लिहायला लागलो, ०.१५, ०.१५, ०.१६, आणि तिथंच थांबला.

म्हणून पोरांनो, पहिल्या पगारात मोबाइल नका घेऊ, डायल गेज घ्या. अन् वही.

मागच्या पोळ्याला गावी गेलो तर काकाचा ट्रॅक्टर वखरणीच्या वेळी क्लच दाबला की मरे. काकाला वर बसवलं, क्लच दाबायला लावलं, मी खाली पुलीपाशी, आणि तीच गंमत. विचारलं, काका चालवताना पाय कुठं असते तुमचा? म्हणे क्लचवर, अजून कुठं ठेवू, खिशात?