पाणी शिरलेले डिझेल इंजिन: आधी मोजमाप, मग जुळणी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले आणि दारात उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. त्यानंतर माझ्यापुढे आलेल्या डिझेल गाड्यांपैकी बहुतेकींचे मोठे नुकसान पाण्याने केले नव्हते. पाणी ओसरल्यावर घाईने मारलेल्या सेल्फने आणि सेल्फ अडकल्यावर गाडी गिअरमध्ये टाकून टोचनने ओढण्याच्या प्रयत्नाने केले होते. म्हणून इंजिनात पाणी गेल्याची शंका जरी आली, तरी किल्ली फिरवू नये आणि सर्वप्रथम बॅटरीची तार काढावी.

यामागचे गणित सोपे आहे. १२४८ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३१२ सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) १७ च्या आसपास धरला, तर पिस्टन सर्वांत वर आल्यावर त्याच्या माथ्यावर जेमतेम २० सीसी जागा उरते, म्हणजे चहाचे चार चमचे पाणी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे तेवढे पाणी आत असताना क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फिरला की पिस्टनला त्याच्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

तपासणीची सुरुवात एअर फिल्टर आणि इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांपासून करावी. तिथे चिखल किंवा ओल दिसली, तर चारही ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे प्लग) काढावेत, क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावावे आणि लांब दांडीने इंजिन चालण्याच्याच दिशेने हळूहळू दोन पूर्ण फेरे द्यावेत. ग्लो प्लगच्या छिद्रांतून पाण्याची चिळकांडी उडते, त्यामुळे तोंड बाजूला ठेवावे. फेरा मध्येच अडला, तर जोर लावू नये. हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उघडण्याचा निर्णय तिथेच झाला असे समजावे. ऑइल चहासारखे दुधाळ झाले असेल, तर ते पूर्ण काढून टाकावे आणि ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पाहावा. त्यावर चमकणारा चुरा असल्यास बेअरिंग खराब झाली आहेत आणि काम हेडपुरते राहिलेले नाही.

इंजिन मोकळे फिरत असेल, तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. चांगल्या डिझेल इंजिनात ते साधारण २० ते ३० बार असते, परंतु आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधील फरक अधिक सांगून जातो. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा चारपाच बारने मागे असेल, तर व्हॉल्व्ह आणि रिंगांइतकाच संशय वाकलेल्या रॉडवरही घ्यावा.

वाकलेला रॉड डोळ्यांना सहसा दिसत नाही. हेड काढल्यावर प्रत्येक पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीत आणून, ब्लॉकच्या पृष्ठभागापासून तो किती वर येतो हे डायल गेजने मोजावे. एका इंजिनात तीन पिस्टन जवळपास सारखे आले आणि तिसऱ्या क्रमांकाचा ०.७ मिमी खाली थांबला. रॉड हातात घेतल्यावर अगदी सरळ वाटत होता. पण त्याच सिलिंडरच्या भिंतीवरचा कार्बनचा काळा पट्टा इतरांपेक्षा रुंद होता, कारण पिस्टन पूर्वीइतका वर येतच नव्हता. हेच मोजमाप पुढे योग्य जाडीचे हेड गॅस्केट निवडायलाही लागते, त्यामुळे ते लिहून ठेवावे. असा रॉड ठोकून सरळ करू नये, बदलावा.

बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, वरच्या, मधल्या आणि खालच्या पातळीवर, दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा. इथे नागपूरकरांनी एक पथ्य पाळावेच. मापांचे प्रमाण तापमान २० अंश असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या फरकाने ७० मिमीचा लोखंडी बोअर सुमारे ०.०२ मिमी, तर ॲल्युमिनियमचा पिस्टन सुमारे ०.०४ मिमी फुगतो, आणि या दोघांमध्ये ठेवायचे अंतर तर शतांश मिलिमीटरमध्येच असते. म्हणून सुटे भाग व मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी मोजावे.

लेथवाल्याकडे काम देताना बोअर ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) करायचा असेल, तर नवे पिस्टन आधी त्याच्या हातात द्यावेत आणि त्यांच्या मापाने बोअरिंग व होनिंग (बारीक घासून शेवटचे माप देणे) करून घ्यावे. क्रँकचे ग्राइंडिंग करण्यापूर्वी त्याची क्रॅक टेस्ट आवश्यक आहे. हेडचे फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) विचारूनच करावे, कारण काही डिझेल हेडना उत्पादक त्याची मुभाच देत नाहीत. ब्लॉकला तडा असेल, तर मात्र खर्च थांबवून दुसऱ्या ब्लॉकचा विचार करावा.

जुळणीत रॉडच्या टोप्या (क्रँकभोवती बसणारे त्यांचे खालचे अर्धे भाग) आपापल्या रॉडलाच आणि त्याच दिशेने लावाव्यात. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडांमधील फट फीलर गेजने तपासावी. हेड बोल्टच्या छिद्रांत साचलेले ऑइल किंवा पाणी हवेने उडवून कोरडे करावे. ते राहिले, तर बोल्ट आवळताना ब्लॉक फुटू शकतो. ठरावीक अंशांच्या कोनात फिरवून आवळायचे बोल्ट नवेच वापरावेत. इंटरकूलर धुऊन पूर्ण कोरडा करावा, कारण त्यात राहिलेले ऑइल इंजिनाने ओढले, तर किल्ली बंद करूनही इंजिन थांबत नाही.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये ऑइल भरावे, इंजेक्टरचे कनेक्टर काढावेत आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून सेल्फ मारावा. इंजेक्टर बदलले असतील, तर त्यांच्यावर छापलेले कोड स्कॅनरने गाडीच्या संगणकात भरावेत. चालू इंजिनात डिझेलचा कोणताही पाइप सैल करू नये. आत १,००० बारहून अधिक दाब असू शकतो आणि ती धार कातडीत शिरते.

पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत समृद्धी महामार्गावर एकाच वेगाने गाडी पळवू नये. शहरात आणि काटोल किंवा उमरेड रस्त्यावर, वेग कमीजास्त करत चालवावी, म्हणजे रिंगा नीट बसतात. ५०० किलोमीटरला ऑइल बदलावे आणि तो फिल्टरही कापून पुन्हा उन्हात पाहावा.