नोकरी गेल्यावर ईएसआयसीचे पैसे मागताना खोटं लिहिलं तर काय होतं

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीच्या वाटेवर मी कामगारांचे फॉर्म भरून देतो. सध्या विचारणा जास्त ती ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या 50 टक्के भत्ता, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. 15,000 पगार असेल तर ढोबळमानाने 22,500 रुपये. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात ती चालू आहे का ते विचारून घ्या.

मग हमखास प्रश्न येतो : "भाऊ, बुटीबोरीला रोखीनं काम करून राहिलो, पण कागदावर बेरोजगारच ना?" नाही. ज्या दिवशी कामाचे पैसे घेतले, त्या दिवसाचा भत्ता मागायचा नाही. फॉर्म कागद बघून भरायचा, सोयीनं नाही.

पहिले ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतःच्या विमा क्रमांकानं लॉगिन करा आणि जुन्या मालकानं काय नोंदवलंय ते पहा. दर महिन्याचं अंशदान (विम्याचा हप्ता) भरताना कामगारानं काम का सोडलं याचं कारण मालक निवडतो : ‘नोकरी सोडली’, ‘निवृत्त’, ‘कामगार कपात’ असे पर्याय असतात. तुम्ही ‘कपात’ लिहिलं आणि त्यानं ‘सोडली’ निवडलं, तर दावा तिथंच अडतो. कारण चुकीचं असेल तर आधी मालकाकडून दुरुस्त करून घ्या. ठेकेदार कोऱ्या राजीनाम्यावर सही मागतो, ती करू नका. गैरवर्तनाबद्दल काढलं असेल, वय होऊन निवृत्त झालात किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर हा भत्ता मिळत नाही.

पकडलं जाणं फार सोपं आहे. विमा क्रमांक एकच, कंपनी बदलली तरी तोच. नव्या मालकानं तुमच्या पगारातून 0.75 टक्के कापून आपले 3.25 टक्के मिळवून भरले, की तारखा समोरासमोर येतात. त्यासाठी कोणी चुगली करायची गरज नाही.

शिक्षेचं म्हणाल, तर 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 84 मध्ये खोट्या विधानाला सहा महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होतं. दोषी ठरलेल्याचे रोख लाभही काही काळ बंद व्हायचे. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यातही खोटी माहिती देऊन लाभ घेणं गुन्हाच. जुना दोन हजारांचा दंड ऐकून काही जण हसतात. पण खोटं सेवामुक्ती पत्र बनवलं, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेत जातं आणि फसवणूक, बनावट दस्तऐवज यांना सात वर्षांपर्यंत कैद आहे. माझ्याकडे असं पत्र टाइप करायला येऊ नका, परत पाठवतो.

चुकीनं घेतलेले पैसे परत करावेच लागतात. जुन्या कायद्यात तर माणूस गेला तरी त्याच्या मालमत्तेतून वसुलीची सोय होती.

मधेच काम लागलं तर लगेच शाखा कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या : विमा क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, नव्या मालकाचं नाव. जास्तीचे पैसे आले असतील तर रक्कम लिहून परत कसे भरायचे ते तिथंच विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.